बटण न दाबता

नव्याने कामावर आलेल्या माणसांचा वर्ग मृणाल सोमवारी सकाळी घेत असे. कोळदऱ्याच्या डोंगरातून पलीकडच्या कोरड्या तालुक्यांना पाणी नेणारा बोगदा खणला जात होता. बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याची एक शेड होती आणि त्या शेडमध्ये दळणवळणाची सगळी यंत्रणा मृणाल सांभाळायची. वर्गाची सुरुवात वॉकीटॉकी हातात कसा धरायचा इथून व्हायची. सेट उभा धरायचा, तोंडापासून चार बोटं लांब. बोलताना अँटेनाला हात लावायचा नाही. अँटेना तुटली असेल, तिचं रबर निघालं असेल, तर तो सेट वापरायचाच नाही, कारण उघडी तार कातडी भाजते. आणि अँटेना धरून सेट उचलायचा नाही. शेपटी धरून तुम्ही घरचं मांजर उचलता का, असं ती विचारायची, आणि तिच्या या एकुलत्या एक विनोदाला वर्ग मन लावून हसायचा.

बटण दाबायचं, क्षणभर थांबायचं, मग बोलायचं. थोडक्यात बोलायचं. आणि आपल्या नावाने हाक आली की हातातलं काम टाकून उत्तर द्यायचं. यावर तिचा फार जोर असे. बोगद्यात हाकेला उत्तर न येणं म्हणजे काय, हे त्या डोंगराने सगळ्यांना दाखवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आतलं छत बसलं. यशवंता नावाचा फिटर अडकला. तो ढिगाऱ्याच्या अलीकडच्या कडेला दबलाय की पलीकडे अडकलाय, हे कुणालाच सांगता येईना. मृणालचा नवरा शिवराज तिथला ब्लास्टर, म्हणजे स्फोटाच्या कामाचा परवाना असलेला माणूस. तो रात्रंदिवस अलीकडची कड उकरत राहिला. यशवंता पलीकडे होता. त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा त्याच्या हातातला जुना सेट चालू होता आणि बॅटरी अर्धी शिल्लक होती. तो बोलत राहिला असणार. ऐकायला कुणी नव्हतं.

अडचण खडकाची होती. रेडिओच्या लहरी उघड्या माळावर मैलोगणती जातात, पण खडकात त्या काही हातांवर विरून जातात, आणि बोगद्याला एखादं वळण आलं की हाक बहुतेक तिथेच संपते. पूर्वी यावर उपाय म्हणून भिंतीवरून केबल टाकत. स्फोटात ती तुटायची, पाण्यात कुजायची. अपघातानंतर आलेल्या नव्या सेटनी केबल काढूनच टाकली. आता माणसंच केबल झाली. प्रत्येक सेट शेजारच्या सेटचं ऐकायचा आणि पुढच्याला द्यायचा, विहिरीपासून पेटलेल्या घरापर्यंत घागरी हातोहात जाव्यात तसं. त्यासाठी प्रत्येक सेट दर थोड्या वेळाने, कुणी बटण दाबलं नसतानाही, एक छोटीशी खूण हवेत सोडायचा: मी इथे आहे. शेजारी जवळ असेल तर ही खूण कुजबुजीसारखी क्षीण असे. त्यामुळे बॅटरीही पुरायची. शेडमधल्या पडद्यावर त्या खुणांचे ठिपके व्हायचे, आणि डोंगराच्या पोटातलं प्रत्येक माणूस कुठे आहे ते बाहेर दिसायचं. गेल्या वर्षी पुन्हा दरड आली तेव्हा दोघांना ठिपक्यांवरून नेमकं शोधून जिवंत काढलं. त्यातला एकजण पुढे पेढे घेऊन आला आणि पडद्याला नमस्कार करून गेला.

या सेटला बंद करायचं बटण नव्हतं. ते बाहेरून कुणाला बंद करता येऊ नयेत, त्यांचा आवाज बाहेरून कमी करता येऊ नये, ही अट चौकशी समितीपुढे मृणालनेच मांडली होती.

शिवराजला ठिपका व्हायला आवडलं नाही. तो तसा सरळ बोलला नाही. संध्याकाळी घरी आला की हातपाय धुऊन तो दिवसभराचं सांगायचा, ही त्यांची सवय. आता तो म्हणायचा की आज पंप बिघडला, आणि मृणाल भाजी ढवळत म्हणायची की माहितीये, तू तिथे बराच वेळ बसून होतास. मग तो पुढचं न सांगता ताटं मांडायला घ्यायचा. एकदा मात्र तो हसत म्हणाला, "आमच्या आईला वाटायचं, पोरगा डोंगरात जातो, देव बघतोय. आता देवाला सुट्टी दिली तू."

तरी त्याने सेट छातीवरच्या पट्ट्यात कायम ठेवला. यशवंतासाठी ठेवला, आणि तिने सांगितलं म्हणून ठेवला. फक्त सुरुवातीला त्याने एक शंका विचारली होती. बारुदाजवळ बटण दाबायचं नाही, ही त्याच्या धंद्यातली पहिली शिकवण. बारूद पेटवणाऱ्या जुन्या इलेक्ट्रिक डिटोनेटरला दोन तारा असतात. रेडिओ जवळ बोलला तर त्या तारा अँटेनासारख्या वागतात, त्यांच्यात थोडा प्रवाह उतरतो, आतली केसासारखी तार तापते, आणि पुरेशी तापली तर ठिणगीची वाट बघावी लागत नाही. बटण दाबलं नाही तर हा नवा सेट गप्प असतो ना, एवढं त्याला हवं होतं.

"गप्पच म्हण," मृणाल म्हणाली. "कुजबुजतो फक्त. मी मोजलंय. आणि तुझे आताचे डिटोनेटर चिपचे आहेत. त्यांच्या कानाशी ओरडलं तरी ढिम्म."

ते खरं होतं. इलेक्ट्रिक डिटोनेटर बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणून मृणालने आपल्या वर्गातून तो एक नियम काढून टाकला होता. शिवराजने मात्र आपल्या माणसांना तो सांगणं चालू ठेवलं. तिचं मोजमापही बिनचूक होतं. पाळी भरात असताना, माणसं बोगद्यात जागोजाग पसरलेली असताना तिने ते घेतलं होतं.

त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर बापू मुकादम शेडमध्ये आला. साठीला टेकलेला, कधी घाई न करणारा माणूस. तो चालत आला होता, सेटवरून बोलला नव्हता, तेव्हाच मृणालने मान वर केली.

बापूने पाणी मागितलं, प्यायला आणि सांगितलं की बाजूच्या भिंतीत जुनं भुयार लागलंय. कधीकाळी, बहुधा बापूच्या पोरवयात, खडक तपासायला कुणीतरी ते खणलं होतं आणि सोडून दिलं होतं. नकाशात ते दुसरीकडेच होतं. त्याच्या टोकाला बारूद भरलेलं एक भोक तसंच राहिलंय, न फुटलेलं, आणि त्यातून दोन तारा बाहेर लोंबतायत. जुन्या तारा.

"सायबांनी समद्यांना बाहेर काढलं," बापू म्हणाला. "म्हणाले, चालत जा, चालत सांग, कुणी बटनाला बोट लावायचं न्हाई. सोता थांबलेत तिथंच."

ब्लास्टरने असं भोक बेवारस सोडून यायचं नसतं, हे मृणालला माहीत होतं. निकामी करणारं पथक तालुक्याहून येईपर्यंत तो थांबणार. तिने साइटचे प्रमुख गावित यांना फोन करून पथक बोलवायला सांगितलं. शिवराजने सगळं नेहमीसारखं नीट केलं होतं. माणसं बाहेर, रेडिओ गप्प. बाहेर आलेली माणसं झाडाखाली तंबाखू मळत बसली होती.

मग तिने पडद्याकडे पाहिलं.

सगळे ठिपके बोगद्याच्या तोंडाशी गोळा झाले होते, मुंग्यांसारखे. आणि खूप आत, एकटा, एक ठिपका लुकलुकत होता. त्याच्याशेजारी एक बारीक पट्टी असते. शेजाऱ्यापर्यंत पोचायला त्या सेटला किती जोर लावावा लागतोय हे ती दाखवते. ती पट्टी एरवी नखाएवढी असे. आता ती पूर्ण भरली होती.

मृणालला प्रथम ते समजलं नाही असं नव्हे. ते तिला लगेच समजलं, पण मनाने ते थोडं उशिरा उचललं. साखळीतली माणसं निघून गेली. प्रत्येक माणूस बाहेर पडला तसा शिवराजचा सेट पुढच्या शेजाऱ्यापासून लांब राहिला, आणि लांब राहिला तसा मोठ्याने ओरडू लागला. आता तो पूर्ण ताकदीने, दर थोड्या वेळाने, डोंगराला सांगत होता: मी इथे आहे. तिची अट होती ती. एकटं पडलेलं माणूस हरवू नये म्हणून. आजवर कुणी इतक्या आत एकटं राहिलंच नव्हतं, म्हणून ते कधी मोजलं गेलं नव्हतं. शिवराजने आपली माणसं वाचवली होती, आणि त्यामुळेच त्याच्या छातीवरचा सेट ओरडत होता.

तिचा हात टेबलावरच्या माइककडे गेला आणि तिने तो मागे घेतला. हाक मारली तर काय होईल हे तिने पुढपर्यंत पाहिलं. छोट्या खुणेने केसासारखी तार थोडी तापते, पण दोन खुणांच्या मधे तिला निवायला वेळ मिळतो. हाक आली की मात्र सेट सतत चालू राहतो, हाक पोचतेय हे कळवत राहतो. आणि शिवराज स्वतःचं नाव ऐकून, त्या तारांसमोर बसून, बटण दाबून उत्तर देईल. उत्तर दिलंच पाहिजे, हे तिनेच त्याच्या अंगवळणी पाडलं होतं. तोंडाशी असलेला मुख्य सेट बंद करावा, तर आतला सेट समजेल की दरड कोसळली, आणि खुणा थांबवून सलग हाका मारू लागेल.

बाहेरून त्याला गप्प करायला काही उपाय नव्हता. तो उपाय राहू नये म्हणून तर ती भांडली होती.

चार्जिंगच्या फळीवर जादा सेट लावून ठेवलेले होते. मृणालने ते सगळे एका कापडी पिशवीत भरले, हेल्मेट घातलं, दिवा लावला. बापूला तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्याला लहरींचं कळलं नसेल, पण तिचा चेहरा कळला.

"मी जातो ताई. तुमी नका."

"कुठे किती अंतरावर लावायचे ते मला आकडा बघून ठरवावं लागेल, बापू. तुम्ही बोगद्याच्या तोंडाशी बसा. आत कुणाला सोडू नका, आणि इथून कुणी कुणाला हाक मारायची नाही."

बोगद्यात शिरल्यावर पंख्याचा आवाज मागे पडला आणि पाण्याचा वाढला. भिंतीतून खडक बांधून ठेवणारे लोखंडी खिळे हातभर बाहेर आलेले होते. पहिल्या खिळ्याला तिने पहिला सेट अडकवला, पुढे गेली, दुसरा अडकवला. शिवराजच्या सेटला किती जोर लागतोय तो आकडा ती स्वतःच्या सेटवर बघत होती. सुरुवातीला तो हलेना. तिला वाटलं, आपलं गणितच चुकलंय. वळणावर तिसरा सेट लावला आणि आकडा एकदम खाली आला. लांबून ओरडणाऱ्या माणसाला कुणीतरी ओ दिली होती.

ती भराभर चालत राहिली. माणसांच्या जागी यंत्रं टांगत निघालो आहोत, असं तिला वाटलं, आणि पुढच्याच पावलाला ती चिखलात घसरली. गुडघा खडकावर आपटला. पिशवी तिने वर धरली होती. सेट वाचले. गुडघ्यातून ऊब पायावर उतरत गेली ती तिने नंतर बघायची ठरवली.

जुन्या भुयाराचं तोंड दिसलं तेव्हा आकडा पुन्हा नेहमीइतका खाली आला होता. शेवटचा सेट तिने तोंडाच्या अलीकडेच लावला. याच्या पुढे नेला तर तोच तारांजवळ खूण सोडणार. मग तिने आपला स्वतःचा सेट गळ्यातून काढून त्याच्याशेजारी टांगला. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच डोंगरात सेटशिवाय उभी होती. आता काही झालं तर तिला शोधायचं कुठे हे कुणाला कळणार नव्हतं. ती आत वळली.

भुयार खुजं होतं. वाकून चालावं लागत होतं. टोकाला शिवराजचा दिवा दिसला. तो उकिडवा बसला होता, भिंतीपासून हातभर, आणि त्याच्या दिव्याच्या उजेडात दोन तारा लोंबत होत्या. तांबं हिरवं पडलं होतं. सेट छातीवर होता आणि अँटेनाचं टोक त्या तारांकडे वळलेलं होतं.

"बापू, मागं थांब म्हटलं होतं ना," तो न वळता म्हणाला.

"मी आहे."

तो वळला नाही, पण त्याचे हात थांबले. ती इथे कशी, असं त्याने विचारलं नाही. विचारलं ते एवढंच की सेट कुठे आहे तिचा.

"बाहेर टांगलाय. तुझापण काढायचाय. उठू नकोस, आधी तसाच मागे सरक. बटणाला हात लावू नकोस."

"बटण दाबलंच नाही मी."

"माहितीये. तरी तो बोलतोय, शिवराज. तू माणसं बाहेर पाठवलीस ना, तसतसा जास्त मोठ्याने."

तो बसल्या बसल्या मागे सरकत आला. घाई केली नाही. चार-पाच हात मागे आल्यावर त्याने पट्टा सोडला, सेट काढला आणि तिच्या हातात दिला. मग तो तिच्याकडे नीट बघायला लागला. तिला वाटलं की तो रागावेल, आणि रागावला असता तर तिला बरंच वाटलं असतं.

"मी टोकं पिळायला बसलो होतो," तो म्हणाला. "दोन्ही तारा एकमेकींना पिळल्या की मग त्यांच्यात काही उतरलं तरी आतपर्यंत जात नाही. पण तांबं पार कुजलंय. मोडेल असं वाटलं, म्हणून बघत बसलो. किती वेळ ओरडत होता हा?"

"बापू बाहेर पोचल्यापासून."

"म्हणजे बराच."

"हो."

तो थोडं हसला, पण ओठांनीच. "तुझ्या गुडघ्यातून रक्त येतंय."

मृणालने त्याला बाहेर चल म्हटलं. वळणाआड बसून राखण कर, पथक येतंच आहे. तो म्हणाला की येतो, पण आधी तारा पिळून. तशाच सोडल्या तर पथकातलं एखादं पोरगं खिशात काय घेऊन येईल सांगता येत नाही. आता सेट नाही, आता हे काम त्याचं आहे, आणि ते त्याला येतं.

"मग मी थांबते."

"कशाला? दिवा धरायला? तू हा घेऊन जा. तो इथून जितका लांब जाईल तितकं माझं बरं."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. सेट तिच्या हातात होता आणि तो अजूनही, हळू का होईना, खूण सोडत होता. ती थांबली असती तर तीच धोका होती. तिने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. माझं चुकलं, असं ती म्हणाली असावी. त्याने ते ऐकून मान हलवली, नंतर बोलू अशा अर्थाने, आणि पुन्हा तारांकडे वळला.

परतताना तिने स्वतःचा सेट तेवढा गळ्यात घातला, टांगलेले जादा सेट तसेच ठेवले. नवऱ्याचा सेट हातात घेऊन ती चालत राहिली आणि कान मागे ठेवले. काही ऐकू न येणं म्हणजे चांगलं, हे तिला ठाऊक होतं. पण ते प्रत्येक पावलाला नव्याने पटवून घ्यावं लागत होतं.

शेडमध्ये गावित पडद्यासमोर उभे होते. समजूतदार माणूस, पण दोन दिवस झोपला नव्हता. शेजारच्या बोगद्यात त्या दुपारी स्फोट ठरलेला होता आणि जुन्या भुयाराची बातमी आल्यापासून ते काम अडकून पडलं होतं. या भागातल्या सगळ्या माणसांचे ठिपके बाहेर आले की यंत्रणा आपोआप स्फोटाच्या परवानगीचा हिरवा दिवा लावायची; टांगलेले जादा सेट कुणाच्याच नावावर नव्हते, म्हणून ती ते मोजत नव्हती. तो दिवा आता लागला होता.

"आला ना शिवराज," गावित म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. "बरं झालं. पथक येईपर्यंत पलीकडचं उरकून घेतो मग."

"तो आत आहे."

"अहो, हा काय, तोंडाशी दिसतोय."

"तो त्याचा सेट आहे," मृणालने हातातला सेट टेबलावर ठेवला. "माणूस जुन्या भुयारात आहे. तारांना हात घालून. पलीकडे स्फोट झाला तर इथला खडक हलेल."

गावितांनी पडद्याकडे पाहिलं, मग सेटकडे, मग पुन्हा पडद्याकडे. दोन वर्षं त्यांनी पडद्यावर विश्वास ठेवला होता आणि पडद्याने त्यांना कधी फसवलं नव्हतं. मृणालला त्यांची दया आली. मग त्यांनी फोन उचलला आणि पलीकडच्यांना थांबायला सांगितलं. हिरवा दिवा मात्र तसाच राहिला. तो बंद करायची सोय नव्हती. पाळी बदलायची वेळ झाली होती, नवीन माणसं येत होती, आणि प्रत्येकजण आत येऊन दिव्याकडे बघणार होता.

बापू दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. सेट नव्हते तेव्हा आम्ही काय करायचो माहितीये का, असं त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खिशातून खडूचा तुकडा काढला. दगडावर भोकांच्या खुणा करायला तो जवळ ठेवायचा. आत जाणाऱ्याचं नाव तोंडाशी लिहायचं. पुसायचं ते त्यानंच. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

मृणालने खडू घेतला. पडद्याच्या काचेवर, हिरव्या दिव्याच्या बरोबर वर, तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं: शिवराज आत आहे. अक्षरं जरा वाकडी आली. काचेवर खडू नीट उमटत नाही. तिने ती पुन्हा गिरवली. मग खुर्ची ओढून ती पडद्याला पाठ करून दाराकडे तोंड करून बसली. बापूने कुठूनसं फडकं आणून तिच्या गुडघ्याला बांधलं. येणारा प्रत्येकजण ती अक्षरं वाचत होता आणि आवाज खाली करत होता.

पथकाची गाडी आली. माणसं आपले फोन आणि सेट बापूच्या हवाली करून चालत आत गेली. त्यानंतर बराच वेळ काही झालं नाही. मृणाल बोगद्याच्या काळ्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे ठिपका नव्हता, पट्टी नव्हती, फक्त अंधार होता आणि पाण्याचा आवाज.

मग पावलं वाजली. आधी पथकाचा प्रमुख आला. त्याने दोन्ही हातांनी वाळूची बादली धरली होती, वाळूत तो जुना डिटोनेटर होता. त्याच्या मागून, हेल्मेट काखेत घेऊन, चिखलाने माखलेला शिवराज चालत आला. गावितांनी त्याचा हात हातात घेतला आणि सोडायचं विसरले. बापूने त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन तो शेडमध्ये आला आणि काचेवरच्या आपल्या नावापुढे उभा राहिला.

मृणाल उठली नाही.

शिवराजने तळहात पँटला पुसला, आणि एका दमात ते नाव पुसून टाकलं.